सीएसईच्या बोर्डावरचे पीओ, पीईओ म्हणजे नेमकं काय? चार वर्षांनी आपल्याला काय काय यायला पाहिजे?

हिंगणारोड_सीएसई:

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरलाच बी.टेक सीएसईला (कॉम्प्युटर सायन्स) आहे, फर्स्ट इयर संपत आलंय, कॉलेजचं नाव नाही सांगत. आमच्याकडे एनबीएची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची, टीम येणार आहे म्हणून सध्या नुसती धावपळ चालू आहे, कॉरिडॉरमध्ये मोठमोठे बोर्ड लागलेत, व्हिजन, मिशन, पीईओ, पीओ, पीएसओ, आणि आम्हाला सांगितलं की हे पाठ करून ठेवा, टीमवाले सर कोणालाही उभं करून विचारू शकतात. मी पाठ केलं, म्हणूनही दाखवते, पण खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं. "कॉम्प्लेक्स इंजिनीअरिंग प्रॉब्लेम ओळखून त्याचं विश्लेषण करता येणे" असं लिहिलंय, आता आमच्या सी लँग्वेजच्या लॅबमध्ये आम्ही प्राईम नंबर आणि फिबोनाची (मागच्या दोन संख्या मिळवून पुढची काढायची) करतो, तर हे कॉम्प्लेक्स प्रॉब्लेम कुठून येतात आणि कधी येतात?

बाबा एसटीत आहेत, त्यांना घरी बोर्डाचा फोटो दाखवला तर ते म्हणाले की हे सगळं ठीक आहे पण चार वर्षांनी तुला काय काय करता येईल ते सांग. मला उत्तर देता नाही आलं. नोकरीचं ते विचारत नव्हते, खरंच काय येईल ते विचारत होते. म्हणून इथे विचारतेय, हे जे आउटकम लिहितात ते कोणी मनापासून लिहितं का, ते आपल्यात आले की नाही हे कसं कळायचं, आणि सीएसची डिग्री घेतलेल्या माणसाला शेवटी काय जमायला पाहिजे. सीनियर लोकांनी, शिकवणाऱ्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.

सदर_मास्तरीण:

बेटा, प्रश्न चांगला विचारलास, आणि तुझ्या बाबांनी तर त्याहून चांगला. मी कॉम्प्युटर सायन्स शिकवते, एनबीएच्या फायली मीही केल्यात, त्यामुळे आधी ही अक्षरं काय आहेत ते सांगते.

पीईओ म्हणजे डिग्री झाल्यावर चारपाच वर्षांनी आमचे विद्यार्थी कुठे दिसले पाहिजेत, म्हणजे इंडस्ट्रीत जबाबदारीचं काम, किंवा पुढचं शिक्षण, किंवा स्वतःचा धंदा, असं. हे डिपार्टमेंट स्वतः ठरवतं. पीओ म्हणजे प्रोग्राम आउटकम, डिग्री घेऊन बाहेर पडायच्या दिवशी तुला काय करता आलं पाहिजे. हे डिपार्टमेंट ठरवत नाही, हे एनबीएनं दिलेले असतात आणि सिव्हिल, मेकॅनिकल, सीएस सगळ्यांना तेच. आधी १२ होते, आता नव्या फॉरमॅटमध्ये ११ आहेत, समाज आणि पर्यावरणाचे दोन वेगळे होते ते एकत्र केले. पीएसओ म्हणजे फक्त आपल्या ब्रँचचे, दोनतीन असतात. आणि सीओ म्हणजे प्रत्येक विषयाचे, डेटा स्ट्रक्चरचे वेगळे, ओएसचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) वेगळे. सीओ वरून पीओ कडे जायला एक तक्ता असतो, त्यात १, २, ३ असे आकडे भरतात, म्हणजे या विषयानं त्या आउटकमला थोडा हातभार लावला, मध्यम लावला की भरपूर लावला. मग परीक्षेचे मार्क, असाइनमेंट, शेवटचा सर्व्हे हे सगळं घालून अटेनमेंट, म्हणजे आउटकम किती साधला ते, काढतात.

हे आलं कुठून? वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा एक करार आहे, १९८९ चा, त्यातले देश एकमेकांच्या इंजिनीअरिंगच्या डिग्र्या बरोबरीच्या मानतात. भारत २०१४ मध्ये त्याचा कायम सदस्य झाला, एनबीएच्या मार्फत. त्या करारात तुम्ही काय शिकवलं, किती तास शिकवलं याला महत्त्व कमी आणि विद्यार्थ्याला शेवटी काय जमतं याला जास्त. म्हणून आपल्याकडे सगळं आउटकमच्या भाषेत लिहायला लागले. एक गोष्ट लोकांना माहीत नसते, हे अ‍ॅक्रेडिटेशन कॉलेजला नाही तर एकेका कोर्सला मिळतं, म्हणजे एकाच कॉलेजात मेकॅनिकलला असेल आणि सीएसला नसेल असंही होतं, आणि अकॉर्डचा फायदा टियर वन मधल्या, म्हणजे युनिव्हर्सिटी किंवा ऑटोनॉमस कॉलेजच्या, मान्यता मिळालेल्या कोर्सलाच.

मनापासून लिहितात का? काही ठिकाणी हो. काही ठिकाणी शेजारच्या कॉलेजची फाइल घेऊन नाव बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो, कारण हेच एक कागद असं आहे की ज्यात कॉलेजनं मुलांना काय द्यायचं हे लेखी कबूल केलेलं असतं. ते पाठ करून घेण्यासाठी नाही, मुलांनी ते हातात घेऊन सरांना विचारावं यासाठी आहे, की सर यातलं हे आम्हाला अजून येत नाही, हे कोणत्या विषयात येणार.

आता तू एक कर. तुझ्या मागच्या इंटर्नलचा पेपर काढ. प्रत्येक प्रश्नासमोर उजवीकडे बारीक अक्षरात सीओ २, एल ३ असं काहीतरी असेल. तो एल म्हणजे ब्लूमची, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्यांची, लेव्हल. १ म्हणजे आठवून लिहा, २ समजावून सांगा, ३ वापरून दाखवा, ४ विश्लेषण, ५ मूल्यमापन, ६ नवीन काहीतरी तयार करा. "स्टॅकची व्याख्या लिहा" हे १. "हे एक्स्प्रेशन पोस्टफिक्समध्ये बदला" हे ३. "या कामाला स्टॅक घ्यायचा की क्यू, का ते लिहा" हे ४ च्या पुढे. पेपर पुढे ठेवून मोज की तुला मार्क कोणत्या लेव्हलचे मिळतात. सगळे मार्क १ आणि २ मधूनच येत असतील तर पॉइंटर, म्हणजे ग्रेडची सरासरी, कितीही चांगला असला तरी ते बोर्डावरचं वाक्य अजून तुझ्यात आलेलं नाही, एवढं साधं आहे.

मिहानवाला_भाऊ:

ताई, मॅडमनी फाइलीच्या बाजूनं सांगितलं, मी कंपनीच्या बाजूनं सांगतो. मी मिहानमध्ये, नागपूरच्या कंपन्यांच्या वसाहतीत, काम करतो, फ्रेशरच्या इंटरव्ह्यूला बसावं लागते मला, आपल्या नागपूर, वर्धा, अमरावती, चंद्रपूरकडची पोरं येतात. पीओ बिओ कोणी विचारत नाही, पण खरं पाहिलं तर मी तेच विचारत असतो.

माझा एक ठरलेला प्रश्न आहे, आता बदलावा लागेल इथं सांगितल्यावर, पण असू दे. दोन याद्या आहेत, एकीत ५०,००० ग्राहकांचे मोबाईल नंबर, दुसरीत ५०,०००, दोन्हीत असलेले नंबर काढून दे. बहुतेक पोरं लगेच सांगतात की एक लूप, त्याच्या आत दुसरा लूप. बरोबर आहे, उत्तर येतेच. मग मी म्हणतो की आता मोज, किती वेळा तुलना झाली. ५० हजार गुणिले ५० हजार, म्हणजे २५० कोटी. इथं काही पोरं थांबतात, काही म्हणतात सर कॉम्प्युटर फास्ट असते. अन काही पोरं अशी असतात की स्वतःच म्हणतात, थांबा सर, पहिली यादी हॅश सेट मध्ये (नंबर आहे की नाही हे न शोधता लगेच सांगणारी रचना) टाकतो, मग दुसरीतला एकेक नंबर त्यात आहे का पाहतो, म्हणजे लाखभर कामात होऊन जाईल. किंवा म्हणतात दोन्ही सॉर्ट करतो आणि दोन बोटं ठेवून सोबत पुढं सरकतो. ते पोरगं कोणत्या कॉलेजचं आहे याचं मला काही घेणंदेणं नाही मग.

त्याच्यानंतर मी विचारतो, एका यादीत नंबर +९१ लावून आहेत, दुसरीत पुढं शून्य आहे, काहीत मधात स्पेस आहे, मग? हे कोणत्याच पुस्तकात नसते. पण जो पोरगा विचारतो की "सर ही यादी आली कुठून, कोणी टाइप केली", तो प्रॉब्लेम समजून घेऊन राहिला. ताई, तुझ्या बोर्डावरचं ते कॉम्प्लेक्स प्रॉब्लेमवालं वाक्य म्हणजे हेच आहे. फिबोनाची पण कॉम्प्लेक्स होते, रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावून, ५० वी संख्या काढून पाय, मशीन किती वेळ बसून राहते ते, अन मग विचार काऊन. त्याच त्या छोट्या संख्या पुन्हा पुन्हा काढून राहिली ती. आधी काढलेली लिहून ठेवायला लाव, झटक्यात येते. पोरं प्रोग्राम चालला की फाइलीत प्रिंटआउट लावून मोकळे होतात, तो काऊन हळू चालला हे विचारतच नाहीत, अन शिकायचं तर तिथंच असते.

बाकी फ्रेमवर्क वगैरे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवून देतो. ते नाही आलं तरी चालते. अल्गोरिदम, ओएस, डीबीएमएस, नेटवर्क हे चार नीट असले पाहिजेत.

बीसीए_नंदनवन:

मी मधे बोलते जरा, कारण इथे सगळं बी.टेकचंच चाललंय आणि नागपुरात बीसीए, बीसीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सवाले पण खूप आहेत, आम्हाला कोणी आउटकम विचारतच नाही.

मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२४-२५ पासून बीसीए पण एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलंय, प्रवेशाला सीईटी आली, एआयसीटीईनं बीसीएचा मॉडेल अभ्यासक्रम काढला, त्यात पण प्रोग्रामचे आउटकम लिहिलेत. मी ते बसून वाचले. फरक मला असा वाटला की बीसीएचा भर अ‍ॅप्लिकेशन बनवता येण्यावर आहे, म्हणजे कोणाची गरज ऐकून त्याचं सॉफ्टवेअर करून देता येणे, डेटाबेस, वेब, टेस्टिंग. बी.टेकला त्याच्या खालचा थर जास्त असतो, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, कंपायलर, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, गणित. यात एक वरचा आणि एक खालचा असं नाही, पण फरक आहे हे मुलांना आधीच सांगायला पाहिजे. माझ्यासोबतच्या कित्येकांना तिसऱ्या वर्षी कळलं की एमसीएच्या बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा डिग्रीला गणित लागतं. एनआयटीच्या एमसीएला निमसेट द्यावी लागते आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा गणिताचा, आपल्याला जवळ म्हणजे रायपूर आणि भोपाळ एनआयटी. गेटला बीसीएवाल्यांनाही बसता येतं, पण एम.टेकला घ्यायचं की नाही हे त्या त्या संस्थेचे नियम ठरवतात.

नवीन शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोननंतर डिप्लोमा, तीननंतर डिग्री, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, असं आहे. म्हणजे खरं तर प्रत्येक टप्प्याला वेगळे आउटकम असायला पाहिजेत ना, एका वर्षात बाहेर पडणाऱ्याला काय येतं ते. ते आमच्या कॉलेजात कोणी सांगितलं नाही. मला हे मनापासून वाटतं की हा कागद प्रवेश घ्यायच्या दिवशी मराठीत लिहून आईबाबांच्या हातात द्यावा, फीच्या पावतीसोबत.

हिंगणारोड_सीएसई:

खूप खूप थँक्यू सगळ्यांना. मॅडम मी पेपर काढून पाहिला, सीओ आणि एल खरंच लिहिलेलं आहे, इतके दिवस ते काय आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझे जास्त मार्क एल १ आणि एल २ चेच आहेत, एल ३ चा एक प्रश्न होता तो मी सोडला होता. आणि भाऊ, ५० वी फिबोनाची लावली, इतका वेळ चालली की मीच बंद केली, मग अ‍ॅरेत लिहून ठेवून केली तर लगेच आली. आधी उत्तर चुकीचं आलं, मायनसमध्ये, मग कळलं की इंट या छोट्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये मावतच नाही ती संख्या, मोठा लाँग लाँग घ्यावा लागला.

अजून एक विचारायचं होतं. वर्गात सगळे म्हणतात आता कोड एआय लिहून देतं, आमच्या असाइनमेंट पण अर्ध्या तशाच होतात, मग हे डिझाइन करता येणे, विश्लेषण करता येणे याला काय अर्थ उरला? चार वर्षांत तर अजून पुढे गेलेलं असेल सगळं.

त्रिमूर्तीनगर_रिटर्न:

ताई, मी बरीच वर्षं पुण्यात बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, आता नागपूरला परत आलोय आणि घरून तेच करतो. आम्ही एआय रोज वापरतो, ते वापरू नका असं मी म्हणणार नाही, बोर्डावरच तर आहे ना मॉडर्न टूल वापरता येणे, पण त्या आउटकमचं वाक्य पूर्ण वाच, त्यात टूलच्या मर्यादा ओळखून वापरणे असंही असतं, आणि सगळी गंमत त्या शेवटच्या भागात आहे.

एक साधं उदाहरण देतो. एआयला सांग की खात्यात व्याज जमा करायचा कोड दे. अगदी सफाईदार कोड देईल. पुष्कळदा रक्कम फ्लोट किंवा डबल मध्ये, म्हणजे अपूर्णांकाच्या टाइपमध्ये, ठेवतं. आता तुझ्या मशीनवर डबल मध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज कर आणि सगळी घरं छापून बघ. ०.३ येत नाही, दशांशानंतर १७ व्या घरात ४ दिसतो. कारण मशीन दोनच्या घातांमध्ये अपूर्णांक ठेवतं आणि एक दशांश त्यात नेमका बसतच नाही, जसं एक तृतीयांश आपल्याला दशांशात नेमका लिहिता येत नाही तसं. एका खात्याला काही फरक पडत नाही, पण लाखो खाती, रोजची बेरीज, आणि दिवसाच्या शेवटी दोन सिस्टिमचे आकडे जुळत नाहीत, मग रात्रभर माणसं बसतात. म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवतात, किंवा डेसिमल टाइप वापरतात. हे ज्याला माहीत आहे तो एआयचा कोड वाचताना तिथे थांबेल. ज्याला माहीत नाही त्याला तो कोड बरोबरच दिसेल, कारण टेस्टला घेतलेल्या दोनचार आकड्यांवर तो बरोबरच चालतो. तुला मायनसमधला फिबोनाची खटकला ना, तेच हे. खटकायला लागणं हेच शिकायचं असतं.

म्हणजे आउटकम उरले नाहीत असं नाही, उलट लिहिण्यापेक्षा तपासण्याचं महत्त्व वाढलं. जगभरात सीएसच्या अभ्यासक्रमाच्या गाइडलाइन निघतात, अमेरिकेच्या एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या संस्थेनं पहिली १९६८ मध्ये काढली, नंतर आयईईई या इंजिनीअरांच्या संस्थेचे लोक सोबत आले, आताच्या सीएस २०२३ मध्ये एआयवाल्यांची ट्रिपल एआय ही संस्थाही आहे. त्यात १७ विभाग आहेत, आणि समाज, नीती, व्यवसाय हा त्यातला एक स्वतंत्र विभाग आहे, अल्गोरिदम आणि ओएसच्या रांगेत बसवलेला. आपल्याकडे एथिक्स म्हणजे एक ऑडिट (मार्क न धरला जाणारा) कोर्स, पीपीटी वाचली की झालं. पण २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा झाला, उद्या तू एखाद्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर करशील, तेव्हा पेशंटचा कोणता डेटा साठवायचा, किती दिवस, कोणाला दिसू द्यायचा, हे ठरवताना तुला हेच लागणार आहे आणि ते एआय तुझ्या वतीनं ठरवू शकत नाही, सही तुझी असणार.

आणि एक कळकळीनं सांगतो, फायनल इयरला रेडीमेड प्रोजेक्ट विकत घेऊ नकोस. रिपोर्ट, पीपीटी, कोड सगळं पॅकेज मिळतं, घेणारे सगळ्या कॉलेजात असतात. टीमवर्क, कम्युनिकेशन, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, डिझाइन, असे चारपाच आउटकम एकट्या प्रोजेक्टमधून येतात, दुसरीकडे त्यांची जागाच नाही. तो विकत घेतला की डिग्रीचा तेवढा भाग आलाच नाही.

सदर_मास्तरीण:

प्रोजेक्टचं निघालं म्हणून सांगते, कारण "कॉम्प्लेक्स प्रॉब्लेम कुठून येतात" या तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. आमच्याकडच्या एका ग्रुपनं संत्र्याच्या बागायतदारांसाठी अ‍ॅप करायचं ठरवलं, काटोलकडच्या. आंबिया आणि मृग बहार (संत्र्याचे दोन हंगाम), किती पेट्या, कोणत्या दलालाला, काय भाव, याची नोंद. आधी त्यांनी नेहमीसारखं केलं, लॉगिन, फॉर्म, सर्व्हर. मी म्हटलं बागेत जाऊन या. गेले, तर बागेत नेटवर्कच धड नाही. फॉर्म भरला, सबमिट दाबलं, फिरत राहिलं, माणसानं पुन्हा दाबलं, घरी आल्यावर दोन नोंदी.

मग त्यांना नोंद आधी फोनमध्येच ठेवायची आणि नेटवर्क आलं की पाठवायची असं करावं लागलं. पाठवताना मधेच तुटलं तर पुन्हा पाठवायची, पण दोनदा जमा व्हायला नको, म्हणून प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक युनिक आयडी दिला, सर्व्हरवर तो आयडी आधीच असेल तर दुसऱ्यांदा घेत नाही. इतकं झाल्यावर पोरं खूश. आणि मग पुढचं निघालं, वडिलांनी एका फोनवर नोंद केली, मुलानं त्याच मालाची दुसऱ्या फोनवर केली. आयडी दोन वेगळे, माल एकच. याला तांत्रिक उत्तर नाही सापडलं त्यांना, आणि मला वाटतं नसतंच, शेवटी त्यांनी एक स्क्रीन केली की तारीख, दलाल आणि पेट्या सारख्या असतील तर दोन्ही नोंदी शेजारीशेजारी दाखवायच्या आणि घरच्यांनाच विचारायचं की ही एकच आहे का. मशीननं काय ठरवायचं आणि माणसाला काय विचारायचं, हा निर्णय त्या मुलांनी घेतला. यात नेटवर्क आलं, डेटाबेस आला, डिझाइन आलं, समाज आला, आणि व्हायवाला ती मुलं अशी बोलत होती की मला मधे बोलायची गरजच पडली नाही. मॅपिंगच्या तक्त्यात मी प्रोजेक्टसमोर ३ लिहिते तेव्हा अशी कामं डोळ्यासमोर असली की लिहिताना हात अडखळत नाही.

काटोलरोडचे_काका:

सगळ्यांचं वाचलं, छान चर्चा आहे. माझा मुलगा बारावीला आहे, सीईटी देणार आहे. आम्ही शेतीवाले, आम्हाला त्या पीओमधलं काही समजत नाही. कॉलेज पाहायला गेलो की प्लेसमेंटचं पोस्टर दाखवतात आणि एसी लॅब दाखवतात. आम्ही तिथं नेमकं काय विचारावं?

सदर_मास्तरीण:

काका, एक म्हणजे विचारा की एनबीए याच कोर्सला आहे का आणि कधीपर्यंत आहे, एनबीएच्या वेबसाइटवर कोर्सवार यादी असते, मुलाला ती बघायला लावा. दुसरं, मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट दाखवा म्हणा, आणि शिक्षकांशी नाही, ते बनवणाऱ्या किंवा आता शिकणाऱ्या मुलांशी बोलू द्या म्हणा. पोरांना स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल दहा मिनिटं सांगता आलं की समजा शिकवणं होतंय. लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते तेही विचारा, घरी लॅपटॉप नसलेल्या मुलाला त्यानं फार फरक पडतो. आणि प्लेसमेंटच्या पोस्टरवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, ते सोडून द्या, किती मुलं होती आणि किती जणांना ऑफर होती, ते विचारा.

मिहानवाला_भाऊ:

काका, मॅडमनी सांगितलं ते एकदम बरोबर. माझं अजून एक अ‍ॅड करा, मराठी मीडियमचा पोरगा असला तर घाबरू नका. आमच्याकडे येणाऱ्यांत इंग्रजीत अडखळणारी पण डोकं साफ असलेली पोरं असतात, आम्ही घेतो त्यांना. फक्त त्याला पहिल्या वर्षापासून आपलं काम लिहून सांगायची सवय लावा. मी काय केलं, काऊन केलं, काय नाही जमलं, अर्धं पान रोज. कम्युनिकेशनचा आउटकम म्हणजे फाडफाड इंग्रजी नाही, समोरच्याला तुमचा प्रॉब्लेम समजला पाहिजे हे आहे.

हिंगणारोड_सीएसई:

काका, आमच्या कॉलेजला आलात तर मला इथे मेसेज करा, मी लॅब दाखवते आणि सीनियर मुलांना भेटवते.

मॅडम, भाऊ, दादा, मी आज बाबांना तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांतून काढून सांगितलं की चार वर्षांनी मला एखाद्याची अडचण ऐकून ती नीट मांडता आली पाहिजे, तिच्यावर दोनतीन उपाय सुचले पाहिजेत, त्यातला कोणता घ्यायचा ते मोजून सांगता आलं पाहिजे, तो चारपाच जणांसोबत बनवता आला पाहिजे, आणि त्यात कुठे चूक होऊ शकते, कोणाचं नुकसान होऊ शकतं ते आधी ओळखता आलं पाहिजे. बाबा लगेच म्हणाले आमच्या डेपोत ड्यूटी लावण्याचा रोज घोळ असतो, सुट्ट्या, डबल ड्यूट्या, ज्याला त्याला वाटतं आपल्यावर अन्याय झाला, ते करशील का. आम्ही चौघी मैत्रिणी मिनी प्रोजेक्टला तेच घ्यायचा विचार करतोय. हे सेकंड इयरच्या मानानं खूप मोठं होईल का?

सदर_मास्तरीण:

पूर्ण डेपोचं केलंत तर मोठं होईल, ड्यूटी लावणं हा शेड्युलिंगचा प्रॉब्लेम आहे आणि सगळ्या अटी घातल्या की तो भल्याभल्यांना जड जातो. एकच आठवडा घ्या, पंधरावीस ड्रायव्हर, आणि फक्त दोन अटी, एक माणूस एका वेळी एकाच गाडीवर आणि दोन ड्यूट्यांच्या मधे ठरलेली विश्रांती. आधी तुझ्या बाबांसोबत बसून आता कागदावर ड्यूटी कशी लावतात ते जसंच्या तसं लिहून काढा, कोड नंतर. त्याआधी सुट्टीत डिस्क्रीट मॅथ्समधलं ग्राफ आणि मॅचिंग वाचून ठेवा, एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या साइटवर फुकट लेक्चर आहेत. आणि अन्याय झाला असं कोणाला का वाटतं हे ड्रायव्हर कंडक्टरांनाच विचारा, तिथून तिसरी अट निघेल, तीच तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची ठरेल असं मला वाटतं.